थेट विमान बंद झालं त्या वर्षी

मी एक वेताची काठी. माझा आवाज तुम्ही कुठल्या ना कुठल्या जिन्यात ऐकला असेल, पण तो नुसता टकटक. आज जरा सविस्तर बोलते.

एका लहानशा कारखान्यात वाफेवर धरून माझी मूठ वाकवली, तेव्हा जीव नकोसा झाला होता. पुढं दुकानातल्या पिंपात दीड वर्ष नुसती उभी. मग एक दिवस गुडघ्याला पट्टा बांधलेला एक धिप्पाड म्हातारा आला. त्यानं एकेक काठी टेकवून पाहिली. माझ्यावर सगळा भार टाकला आणि म्हणाला, "हिचा ब्रेक चांगला लागतो."

तो माझा मालक. तीस वर्षं शहरातली बस चालवलेली, म्हणून सगळे त्याला ड्रायव्हरकाका म्हणत. निवृत्त झाला, पण सवय गेली नव्हती. कुणी जिन्यात गप्पा मारत उभं राहिलं, की हा वरून ओरडायचा, "चला, पुढं सरका!"

त्याची थोरली बहीण, अक्का, लग्न होऊन परदेशी गेली ती तिथलीच झाली. दर दोन वर्षांनी काका तिच्याकडे जायचा. थेट विमान होतं. इथं बसायचं, नऊ तासांनी तिथं उतरायचं. मी डोक्यावरच्या कप्प्यात पडून राहायचे. बाहेर पडलं की समोर अक्का, आणि तिचं ठरलेलं वाक्य, "अरे, किती वाळलास!" काकाचं पोट त्याच्याआधी दाराबाहेर आलेलं असायचं, तरीही.

मग एकदा अक्काचा फोन आला. तिचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि आता पाय साथ देईनात. घर विकून ती वृद्धाश्रमात खोली घेणार होती.

"वीस तारखेला किल्ल्या द्यायच्यात, धाकट्या. त्याआधी ये. चाळीस वर्षांचं सामान आहे. काय ठेवू नि काय टाकू, एकटीला ठरवता येत नाही."

काकानं त्याच आठवड्यात तिकीट काढलं. निघायला तीन आठवडे उरले असताना सून फोन हातात घेऊन आली. "बाबा, तुमचं विमान बंद झालंय."

"मग दुसऱ्या दिवशीचं बघ."

"तसं नाही हो. तो मार्गच बंद केलाय. आता ते विमान कधीच जाणार नाही."

मला वाटलं, आता हा आकाशपाताळ एक करणार. पण तो माझ्या मुठीवर हनुवटी टेकवून बसून राहिला.

"आमची सतरा नंबरची बस बंद केली होती," तो सुनेला म्हणाला. "शेवटच्या फेरीला एक बाई उतरताना मला म्हणाली, आता मी दवाखान्यात कशी जाऊ? मी म्हटलं, मला काय विचारता, ऑफिसात विचारा." मग म्हणाला, "फार वाईट बोललो मी तिला."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिकीटवालीच्या ऑफिसात गेलो. डोक्यावर चष्मा ठेवून तोच चष्मा टेबलावर शोधणारी बाई, पण कामात पक्की. ती म्हणाली, "कंपनी पैसे परत देईल, नाहीतर दोन विमानांनी नेईल. त्यांनी दिलेल्या वेळांत मध्ये फक्त सत्तर मिनिटं आहेत. ते मुळीच घ्यायचं नाही. मी त्यांच्याकडून साडेचार तासांचं मागून घेते."

"साडेचार तास मी काय माश्या मारू?"

"मारा. पण विमान चुकवू नका. आणि शेजारी कुणी सांगेल, दोन वेगळी तिकिटं काढा म्हणून. ऐकायचं नाही. एकाच तिकिटावर दोन्ही विमानं असली, की पहिल्याच्या उशिरानं दुसरं चुकलं तर पुढची सोय त्यांच्या गळ्यात. सामानही थेट अक्कांच्याच गावी उतरेल. आणि चाकाची खुर्ची सांगून ठेवते."

"खुर्ची नको! तीस वर्षं लोकांना मी नेलंय."

"बरं," ती म्हणाली आणि गुपचूप खुर्ची लिहून टाकली. माझं तोंड तिच्याकडंच होतं, मी पाहिलं.

ती शहाणी ठरली. पहिलं विमान साडेतीन तास उशिरा सुटलं. मधल्या विमानतळावर उतरलो तेव्हा हातात एक तासही नव्हता. दाराशीच एक माणूस खुर्ची घेऊन उभा, हातातल्या पाटीवर काकाचं नाव. काकानं तोंड फिरवलं, आणि तेवढ्यात त्याला पिवळी शाल घेतलेली एक आजी दिसली. आमच्याच विमानातली. ती गर्दीच्या उलट दिशेला, बाहेर जायच्या दाराकडे निघाली होती.

"अहो, कुठं निघालात?"

"बाहेर. मुलगा आला असेल ना न्यायला."

"हे ते गाव नव्हे! अजून एक विमान बदलायचंय."

"मी तर दर वर्षी एकाच विमानानं येते," आजी म्हणाली. "मला कुणी सांगितलंच नाही हो. आता कशी जाऊ मी?"

काकाची मूठ माझ्यावर घट्ट आवळली. त्यानं तिचं तिकीट पाहिलं. पुढचं विमान आमचंच. "बसा या खुर्चीत," तो म्हणाला. "मी नेतो तुम्हाला."

मग जी काही दौड झाली! पुढं खुर्ची, मागं आम्ही. तपासणीच्या पट्ट्यावरून मला यंत्रात घातलं. काका पलीकडे एका हातानं भिंत धरून माझी वाट बघत होता. आमचं दार इमारतीच्या पार दुसऱ्या टोकाला. फरशी आरशासारखी गुळगुळीत. वाटेत माझ्या टोकाचं रबर कुठंतरी निखळलं, तरी मी एकदाही घसरले नाही. फुशारकी नाही मारत, पण त्या दिवशी माझा ब्रेक खरंच लागला. शेवटचे प्रवासी म्हणून दोघं आत शिरले, तेव्हा काका घामानं निथळत होता आणि आजी त्याला आशीर्वादावर आशीर्वाद देत होती.

अक्का मात्र बाहेर नव्हती. आम्ही टॅक्सीनं घरी गेलो. ती दारात उभी होती, एका हातानं चौकट धरून. "अरे, किती वाळलास," म्हणाली, पण मिठी मारायला तिला चौकट सोडता येईना. काकानंच पुढं होऊन तिला धरलं. मी भिंतीला टेकून होते, दोघांचे खांदे हलताना पाहिले.

पुढचे आठ दिवस खोकी भरणं चाललं. अक्का प्रत्येक कपामागं एक गोष्ट सांगायची आणि शेवटी कप ठेवायचाच निघायचा. दवाखान्यानं दिलेली, धरून चालायची लोखंडी चौकट तिनं कोपऱ्यात ढकलली होती. "ती धरली की मी आजारी दिसते," ती म्हणायची आणि भिंती धरत चालायची. नव्या जागेत लांबलचक मोकळा व्हरांडा होता. तिथं धरायला भिंत कुठली?

एकोणीस तारखेला दुपारी काकानं माझी मूठ तिच्या हातात दिली. "चालून दाखव."

"उंच होते रे मला."

काकानं तिला ताठ उभं केलं, मनगटापासून जमिनीपर्यंत मोजलं, माझ्यावर पेन्सिलीनं खूण केली. मग हत्यारांच्या खोक्यातून करवत काढली.

"वेडा आहेस का? तू काय धरशील?"

"घेईन दुसरी. दुकानात पिंपभर आहेत."

त्यानं मला गुडघ्यावर आडवी धरली. कापायच्या आधी माझ्या मुठीवरून एकदा अंगठा फिरवला. मग माझ्या टोकाकडून तीन बोटं लांबी कापली. खरं सांगते, वाफेपेक्षा हे जास्त लागलं. त्या तीन बोटांबरोबर मी कायमची अक्काच्या उंचीची झाले. काकाला आता मी आखूड पडते.

आज मी वृद्धाश्रमात, व्हरांड्याला लागून असलेल्या खोलीत, अक्काच्या पलंगाशी उभी असते. सकाळी आम्ही दोघी चहाला जातो, टक, टक, मध्ये थांबत. काकाचा दर रविवारी फोन येतो. पुढच्या वर्षी यायचं म्हणतो. विमानं दोन लागोत की तीन.

तुमचंही कुणी लांब राहत असेल. थेट वाट बंद झाली, तर एवढंच करा: फोन लावून सांगा, "उशीर होईल, पण येतोय."

अक्का हाक मारतेय. निघते मी.