स्वखुशीचा होकार

"तक्रारदार संजीवनी यांनी आमंत्रणास स्वखुशीने होकार दिला असून उभयतांमधील संभाषण खेळीमेळीचे होते." वीज कार्यालयाच्या चौकशी समितीचा हा निष्कर्ष. वाक्यरचना निर्दोष आहे. फक्त होकार देताना तक्रारदार कुठे होती, एवढा तपशील तीत मावलेला नाही.

ती सापगावच्या भातशेतात, विजेच्या खांबाच्या टोकाला होती. खात्याची रीत अशी की, चढण्यापूर्वी संजीवनीसारख्या तंत्रज्ञाने उपकेंद्रातल्या ऑपरेटरकडून 'लाइन बंद' असा शब्द घ्यायचा, आणि ती खाली उतरल्याचे कळल्यावरच त्याने वीज सोडायची. मधल्या काळात तिचा जीव बटणावरच्या त्याच्या एका बोटावर असतो. त्या दिवशी ते बोट ऑपरेटर कुंडलिकचे होते. तिने तार हातात घेतली आणि फोन वाजला. खांबावर असताना उपकेंद्राचा फोन न उचलणे परवडत नाही.

"संजू गो, रविवारी सिद्धगडला येतेस का? एकटीच ये. नाय बोललीस तर बोट घसरंल हां माझं."

त्याच्यामागे दोघेतिघे हसले.

"येते," ती म्हणाली.

संमती म्हणजे काय, यावर विद्वानांनी ग्रंथ लिहिले आहेत. अकरा हजार व्होल्टची तार हातात धरून कुणी लिहिल्याचे आढळत नाही. समितीला मात्र ते 'येते' पुरले.

शहापूरच्या सुनावणीत समितीच्या अध्यक्षांनी कुंडलिकसमोरच अहवाल तिच्यापुढे सरकवला.

"सही करा, बाई. आपल्या घरातलीच गोष्ट. सोमवारी कामावर या."

सोमवारी, म्हणजे पुन्हा खांब आणि पुन्हा कुंडलिकचा शब्द. दुसरी वाटही कार्यालयाने उदारपणे दाखवली होती: टेबलावरचे काम, आणि बाई खांबावर टिकली नाही हा कायमचा शिक्का.

संजीवनीने पेन खाली ठेवले. "सायेब, यांना एकच विचारते. मी नाय बोलले असते, तर लाइन चालू केली असती का?"

अध्यक्षांनी मान डोलावली. उत्तर नकारार्थी येणार आणि प्रकरण मिटणार, याची त्यांना खात्री होती. कुंडलिकलाही होती. तो निर्धास्त हसला. त्याचे उत्तर, शब्दशः:

"छे गो, लाइन कुठं चालू करणार होतो मी? करीन असं तुला वाटावं, म्हणून बोललो. नायतर तू 'येते' बोलली असतीस का?"