पाठ फिरवायचा दिवस

माझे काका शाळेत पी.टी. शिकवायचे. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, तरी सगळं गाव त्यांना शिट्टीसर म्हणतं, कारण शिट्टी अजून त्यांच्या गळ्यात असते. भाजी आणायला निघाले तरी असते. झोपताना तेवढी काढतात, तीही काकू चिडते म्हणून.

काका-काकूंचं घर वरच्या मजल्यावर आणि खाली माझं चष्म्याचं दुकान. आमचा रस्ता सरळ डोंगरावर चढत जातो. पिशव्या घेऊन वर येणारी माणसं माझ्या दुकानापाशी थांबतात आणि काचेतले चष्मे निरखत बसतात. दम लागलाय हे कुणाला कळू नये म्हणून. मी पण त्यांना कधी "या ना आत" म्हणत नाही.

दर उन्हाळ्यात सायकलची मोठी शर्यत या चढावरून जाते. टीव्हीवाली, पगारी खेळाडूंची, डोक्यावर हेलिकॉप्टर वगैरे असलेली. एरवी आमच्याकडे काही म्हणजे काही घडत नाही. त्या दिवशी मात्र लोक सकाळपासून खुर्च्या रस्त्याकडेला लावून ठेवतात आणि एकमेकांच्या खुर्च्या हळूच मागे सरकवतात.

या शर्यतीतला काकांचा माणूस म्हणजे गरुड. हे नाव वर्तमानपत्रांनी ठेवलेलं. चढ आला की तो बाकीच्यांना मागे टाकून असा निघायचा, की काका खुर्चीत बसूच शकायचे नाहीत. गेल्या वर्षी आमच्या दारावरून जाताना त्याने आपल्याकडे बघून मान हलवली, असं काकांचं ठाम म्हणणं होतं.

"माशी उडवली असेल," काकू म्हणाली होती.

मग यंदा थंडी सरता सरता बातमी आली. गरुड स्वतःचंच रक्त काढून साठवून ठेवायचा आणि शर्यतीच्या आधी परत भरून घ्यायचा, शिवाय इंजेक्शनं वेगळी. आधी तो नाही नाही म्हणाला. मग त्याच्या डॉक्टरने तोंड उघडलं. मग तोही टीव्हीवर येऊन रडला.

गावाला चघळायला विषय मिळाला. सलूनवाला कात्री चालवत म्हणायचा, "अहो, घेतात सगळेच. हा सापडला, एवढंच." आमच्या समोर दाताचे डॉक्टर राहतात, त्यांचं म्हणणं, "मग घेऊ द्या ना सगळ्यांना उघड. कुणाचं औषध पहिलं येतं बघू." औषधांच्या दुकानात कुणी खोकल्याची बाटली मागितली की मागचा विचारायचा, "काय, चढ चढायचाय वाटतं?" आणि दूधवाला सायकल रेटत वर आला की गॅलऱ्यांमधून हाका सुरू, "आज काय घेतलंस रे?" तो बापडा घाम पुसत म्हणायचा, "दूध."

काका यातल्या कशावरच हसले नाहीत. एके दिवशी काकू दुकानात आली आणि काउंटरवर कोपर टेकून म्हणाली, "पोरी, काल भाजीत मीठ घालायला विसरले. संपूर्ण जेवण झालं, एक शब्द नाही. मला भीती वाटायला लागलीय गं."

पण काका बोलले. सलूनमध्ये, अर्ध्या दाढीला. टीव्हीवर यंदाच्या शर्यतीचा मार्ग दाखवत होते, त्यात आमचा चढ आला, आणि काका गालावर फेस तसाच ठेवून उठले.

"यंदा आपण पाठ फिरवायची," ते म्हणाले.

"कुणाकडे?" सलूनवाल्याने वस्तरा लांब धरत विचारलं.

"सगळ्यांकडे. ते आले की आपण सगळ्यांनी रस्त्याकडे पाठ करून उभं राहायचं. टाळी नाही, आरोळी नाही. दाखवू देत टीव्हीवर. आम्हाला फसवलं तर आम्ही काय करतो, ते जगाला कळू दे."

आता गंमत अशी, की हे सगळ्यांना फार आवडलं. टीव्हीवर दिसायचं म्हटल्यावर तर विचारूच नका. डॉक्टरांनी फक्त एक शंका काढली, "मग खुर्च्या कशा लावायच्या? उलट्या?" काका म्हणाले, "उभं राहायचं. निषेध बसून होत नसतो."

घरी मात्र काकूने साफ सांगितलं, "मी पाठबीठ फिरवणार नाही. वर्षभर वाट बघते मी. मला ते रंगीबेरंगी कपडे बघायचे असतात."

"अगं, चोर आहेत ते!"

"सगळे?"

"कोण आहे, कोण नाही, कसं कळणार? म्हणून तर!"

"मग मी खिडकीत बसेन. तुमचा निषेध रस्त्यावर आहे ना? खिडकी काही रस्त्यात येत नाही."

यावरून दोघांचा अबोला झाला. मग निरोप माझ्यामार्फत. "तुझ्या काकूला सांग, चहा गार झालाय." "तुझ्या काकांना सांग, मग वेळेवर या म्हणावं." मी दुकान सांभाळू की यांना?

शर्यतीच्या आदल्या दिवशी मी दुकानाची काच धुऊनपुसून लख्ख केली. माझा आपला रोजचा स्वच्छतेचा विचार, दुसरं काही नाही. पण शर्यतीच्या दिवशी सकाळी एकेक जण दुकानात यायला लागला. चष्मा नको, फ्रेम नको. "ताई, तो छोटा आरसा आहे ना, चेहरा बघायचा? जरा देता का? संध्याकाळी आणून देतो." पहिल्या दोघांना दिला तेव्हा माझ्या डोक्यात काही आलं नाही. सलूनवाल्याच्या बायकोने मात्र दोन मागितले तेव्हा माझी ट्यूब पेटली. सलूनमध्ये आरशांचा तुटवडा?

"आमच्या दुकानातले सगळे कालच गेले," ती डोळे मिचकावत म्हणाली.

दुपारी काकांनी शिट्टी फुंकली आणि सगळ्यांना रांगेत लावलं. सगळ्यांनी रस्त्याकडे पाठ केली. म्हणजे तोंडं दुकानांकडे. आणि काय आश्चर्य, सगळ्या रस्त्यावर जागा मोकळी आणि माझ्या काचेपुढे ही गर्दी! त्या लख्ख काचेत मागचा अख्खा रस्ता दिसत होता. मी आत काउंटरवर बसले होते आणि सगळं गाव माझ्याकडे एकटक बघत होतं. दाताचे डॉक्टर तर नाक काचेला लावून. मला हसू आवरेना.

काका रांगेच्या टोकाला भिंतीकडे तोंड करून, ताठ. आरसा नाही, काच नाही. डोळेसुद्धा मिटलेले.

खालून मोटरसायकली आल्या. मग हेलिकॉप्टर. आणि मग शर्यत. आरडाओरडा नसल्यामुळे एरवी कधीच ऐकू न येणारे आवाज ऐकू आले. साखळ्यांची सळसळ, गियरची टकटक, आणि श्वास. इतक्या माणसांचे एकदम श्वास. घोळक्यातला एक जण धापा टाकत ओरडला, "काय हो, कुणी वारलं का?" लोकांचे खांदे गदगदा हलले, पण कुणी वळलं नाही. आरशांमध्ये डोळे मात्र भिरभिरत होते. वरून काकूच्या टाळ्या तेवढ्या येत होत्या, एकटीच्या, आणि त्या तशा एकट्याच ऐकू आल्यामुळे फार मोठ्या वाटत होत्या.

घोळका वर निघून गेला. धूळ बसली. काकांनी डोळे उघडले. "झकास," ते म्हणाले, पण आवाजात झकास असं काही नव्हतं. लोक आता एकमेकांना विचारत होते, "तू पिवळ्या बुटांवाला बघितलास?" आणि लगेच जीभ चावत होते.

तेवढ्यात खालून अजून एक सायकल आली. हळूहळू. साखळी निसटलेली, म्हणून तो खाली उतरून ढकलत होता. कोपर सोललेलं, चड्डी एका बाजूने फाटलेली. कुठेतरी सडकून पडला असावा. त्याच्या संघाची गाडी पुढच्यांबरोबर गेलेली. त्याच्याही मागे, अंतर ठेवून, ती झाडूगाडी येत होती. मागे राहिलेल्यांना गोळा करते ना, म्हणून तिला तसं म्हणतात. कासवासारखी, पण येत होती.

काकांनी घाईघाईने पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. बाकीच्यांनीही आरसे वर केले.

तो नेमका काकांपाशी थांबला. "काका, जरा सरकता का? सायकल भिंतीला टेकवायचीय."

"मी पाठ फिरवलेली आहे," काका भिंतीला म्हणाले.

"दिसतंय. तशीच ठेवा. फक्त डावीकडे सरका."

काका पाठ न वळवता, खेकड्यासारखे डावीकडे सरकले. तो खाली बसून साखळी बसवायला लागला. साखळी काही बसत नव्हती.

काकांना राहवलं नाही. "काय घेतलंयस?"

"सकाळी भात. दोन अंडी."

"औषधाचं विचारतोय मी."

"नाही घेतलं काही."

"असंच म्हणतात सगळे. तोही असंच म्हणायचा."

"हो ना," तो साखळीत बोट घालत म्हणाला. "मला तर तोंडावर म्हणाला होता. मी त्याच्याच संघात होतो काका. त्याच्या पाण्याच्या बाटल्या मीच वाहायचो. मागे जाऊन गाडीतून बाटल्या घ्यायच्या, पाठीवरच्या खिशांत खुपसायच्या, परत पुढे जाऊन त्याला द्यायच्या. तो वर निघून गेला की मला वाटायचं, यातलं थोडंसं माझंही आहे. बातमी मला टीव्हीवरून कळली."

काका वळले. पूर्ण वळले. त्या पोराकडे त्यांनी पहिल्यांदाच नीट पाहिलं. पोर कसलं, चांगला बाप्या होता, कानापाशी केस पिकायला लागलेले.

"मलाही टीव्हीवरूनच," काका म्हणाले.

दाताचे डॉक्टर काचेपासून नाक सोडवून पुढे आले. "अहो सर, याने काही घेतलं असतं तर हा शेवटचा आला असता का? साधा हिशेब आहे!"

"काही साधा नाही," काका म्हणाले. "आमच्या शाळेत कॉपी करून नापास झालेली मुलं मी ढिगाने पाहिलीत."

हे ऐकून तो सायकलवाला एवढ्या मोठ्याने हसला, की त्याच्या हातातली साखळी पुन्हा निसटली. हसता हसता कोपर दुखलं म्हणून कळवळला, आणि परत हसला. "मग तुम्हाला कसं पटवू?"

"नाही पटवता येणार," काका म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. झाडूगाडी खालच्या वळणावर दिसायला लागली होती.

"अहो!" वरून काकू ओरडली. अबोला धरल्यापासून पहिल्यांदाच, थेट. "चौकशी कसली करताय? त्याला उशीर होतोय! ती गाडी पुढे गेली तर बाद करतील त्याला! साखळी धरा ना!"

काका गुडघ्यावर बसले. एकाने मागचं चाक उचललं, काकांनी साखळी धरली, सायकलवाल्याने पायडल फिरवलं. खटाक्. बसली. तो सायकलवर चढला, पण चढावर थांबलेली सायकल हलवायची म्हणजे काय! सलूनवाला आणि अजून चार जण बाह्या सरसावून धावले ढकलायला.

"हात लावू नका!" तो जिवाच्या आकांताने ओरडला. "ढकलायचं नाही! नियम आहे!"

आणि त्याच क्षणी शिट्टी वाजली. काकांची, लांबलचक, शाळेच्या मैदानावरची.

"हात मागे!" काका गरजले. "सगळ्यांनी हात मागे बांधा! कुणी बोट लावायचं नाही त्याला! पाय चालवा, तोंड चालवा!"

या रस्त्यावरच्या निम्म्या लोकांना काकांनीच शाळेत पळवलं होतं. हात आपोआप मागे गेले. आणि त्या सायकलीच्या दोन्ही बाजूंनी, हात पाठीमागे धरून, सगळा रस्ता वर धावायला लागला. डॉक्टर, सलूनवाला, त्याची बायको दोन्ही आरशांसकट, दूधवाला. मी दुकान उघडं टाकून पळाले. "चल! चल! चल!" तो दात ओठ खात एकेक पायडल मारत होता, सायकल सापासारखी डावी-उजवीकडे जात होती, आणि काका त्याच्या अगदी शेजारून धावत, बोटभर अंतर राखून, शिट्टीवर ताल देत होते. इतके दिवस तोंडात कोंडून ठेवलेला सगळा आरडाओरडा त्या एका माणसावर पडला. पहिल्या आलेल्यालाही कधी एवढा मिळाला नसेल.

वळणापाशी चढ संपतो. तिथे त्याने मागे न बघता एक हात वर केला आणि गेला. आम्ही सगळे रस्त्यावर बसून धापा टाकत राहिलो. झाडूगाडी आमच्या मधून वाट काढत गेली तेव्हा तिचा ड्रायव्हरसुद्धा हॉर्न वाजवत होता.

संध्याकाळी निकाल लागला. तो शेवटचाच आला, पण वेळेत. बाद झाला नाही. टीव्हीवर आमच्या निषेधाचं एक चित्र दाखवलं नाही मेल्यांनी. हेलिकॉप्टरचा कॅमेरा सगळा वेळ सायकलींवरच रोखलेला होता.

मी वर गेले तेव्हा काकू काकांच्या पायांना तेल चोळत होती. काकांचा आवाज पार बसला होता.

"आणि समजा," काकू म्हणाली, "पुढच्या वर्षी याचंही नाव आलं बातमीत, तर?"

काकांनी जरा विचार केला. "वाईट वाटेल," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "खूप वाटेल. पण म्हणून आज मी त्याला एकट्याला कसा जाऊ देऊ?"

"मग माझ्यावर का रागावला होतात?"

"तुझ्यावर कुठे गं... जेवायला काय आहे?"

"आधी मिठाच्या पाण्याने गुळण्या करा," काकू म्हणाली. काका निमूट उठले, आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात ताटं घेत होतो तर बाहेरच्या बेसिनवरून असा काही खर्जातला आवाज आला, की काकूच्या हातातली वाटी हसताना खाली पडली.