घोगऱ्या आवाजाची दुपार

कारंजा गावाजवळच्या एका ढाब्यावर भावना पोळ्या लाटायची. गळ्यातली गाठ काढल्यापासून तिचा आवाज खोल, घोगरा झाला होता. त्याआधी वस्तीतल्या भीमगीतांच्या गटात पुढे बसून तीच गायची. आता गटातल्या बाया बोलवायला आल्या की म्हणायची, "मले जमत नाई आता."

फेब्रुवारीतल्या एका दुपारी पुढच्या पुलावर कंटेनर उलटला आणि ट्रकांची रांग ढाब्यापर्यंत आली. ड्रायव्हर खाटांवर आडवे झाले. केबिनींची दारं उघडी, आणि प्रत्येकीतून वेगळं गाणं. पंजाबच्या ट्रकात ढोल. आंध्रच्या ट्रकात सिनेमातलं काहीतरी, पोत्यातून ज्वारी ओतल्यासारखे भरभर शब्द. बंगालच्या ट्रकातल्या सुराला मात्र घाईच नव्हती. त्यातलं एक अक्षर भावनाला कळेना, तरी खाली पाणी हलतंय असं वाटलं. बसल्या जागी आपण कुठं कुठं जाऊन येतोय, तिला उमगेना.

"लाट ना वो! काऊन थांबली?" तव्यापाशी बसलेली अन्नपूर्णा म्हणाली.

तेवढ्यात निंबाखालच्या ट्रकातून एका बाईचा आवाज आला. घोगरा, वर चढताना फाटणारा. भावना उठली आणि पिठाच्या हातांनीच तिकडे गेली.

"भाऊ, ह्या बाईचा गळा दुखते का?"

ड्रायव्हर ताराचंद राजस्थानातल्या बाडमेरकडचा होता. तो हसला. "नहीं बहनजी. आवाज ही ऐसी है. हमारे गाँव की है. शादी हो तो लोग पहले उसी को बुलाते हैं."

"अशा आवाजाले बोलावते?"

"इसी आवाज के लिए."

ती टायरला टेकून ऐकत राहिली. सूर जिथं फाटत होता, तिथं ती बाई मागे सरत नव्हती. आणखी आत शिरत होती. भावनाचा हात आपोआप गळ्यावरच्या व्रणाकडे गेला.

"आप गाती हो?" ताराचंदनं विचारलं.

"गात होती."

त्यानं गाणं बंद केलं. ती ट्रकच्या पायरीवर बसली आणि आईनं शिकवलेलं बाबासाहेबांचं गाणं म्हणू लागली, नेहमीपेक्षा बरंच खालच्या पट्टीत. पहिल्याच ओळीत आवाज घसरला. ती थांबली, पुन्हा धरला. दुसऱ्या कडव्याला शेजारच्या ट्रकातला ढोल बंद झाला. अन्नपूर्णा चिमटा घेऊन धावत आली ती रागावायला. पण गाण्याचे शब्द येत नसतानाही टाळ्यांचा ठेका धरून उभी राहिली. तव्यावरच्या दोन पोळ्या जळाल्या.

रस्ता मोकळा झाला, ट्रक गेले.

रविवारी भावना आपणहून विहारात गेली. पेटीवर मंजुषा होती.

"पट्टी उतरव," भावना म्हणाली.

"लय खाली जाते वो. आम्हाले कसं जमन?"

"मले जमलं न? तुम्ही बी या खाली," भावना म्हणाली आणि पुढे जाऊन बसली.