पंपाला मानवणारा हात

अण्णासाहेबांचं विज्ञानावर फार प्रेम होतं. पण प्रकरण अंगाशी आलं की विज्ञान बाजूला सरकायचं आणि तिथे हात यायचा. कोणाच्या हाताला गुण असतो, कोणाच्या नसतो, हा त्यांचा लाडका सिद्धांत. स्वतःच्या हाताबद्दल अर्थातच त्यांना शंका नव्हती. पिंपरीतल्या एका औषधांच्या कारखान्यात ते प्रयोगशाळेचे प्रमुख होते, आणि एक्याऐंशी सालच्या त्या महिन्यात त्यांच्या सिद्धांताच्या तडाख्यात सापडली होती कस्तुरा ओव्हाळ.

कस्तुरा दापोडीची. रेल्वेलगतच्या त्यांच्या गल्लीतली पहिली बी.एस्सी. झालेली मुलगी. सहा महिने कच्च्या नोकरीवर काढले होते आणि येत्या शनिवारी ते संपत होते. शनिवारी एकतर कायम झाल्याचं पत्र मिळणार, नाहीतर घरचा रस्ता. दोन्ही पत्रं टाइप होऊन अण्णासाहेबांच्या फायलीत तयार होती. सही तेवढी एकावर व्हायची होती.

आडवा आला तो पंप. परदेशातून नवंकोरं यंत्र आलं होतं. औषध द्रवात विरघळवून एका गच्च भरलेल्या नळीतून ढकलायचं. त्यातले घटक आपापल्या वेळी बाहेर पडतात आणि सरकत्या कागदावर त्यांचे डोंगर उमटतात. डोंगर ठरल्या वेळी आला तर माल खरा. हे ढकलायचं काम पंपाचं, म्हणून पंपाने मिनिटाला ठरलं तेवढंच द्रव द्यायला हवं. हा बेटा मात्र लहर लागेल तसं देत होता. डोंगर कधी वेळेवर यायचे, कधी पाहुण्यांसारखे उशिरा.

"ओव्हाळबाई, यंत्राला हात ओळखता येतो," अण्णासाहेब चारचौघांत म्हणाले. "काही हात त्याला मानवत नाहीत, त्याला कोण काय करणार?"

'काही हात' म्हणताना ते असा जोर देत, की कस्तुराला त्यात यंत्रापलीकडचंही काहीतरी ऐकू येई. तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण सहीचं पेन त्यांच्या खिशात होतं, म्हणून ती वहीत आकडे लिहायची.

शेवटी ज्यांनी यंत्र विकलं त्यांचा इंजिनिअर मुंबईहून आला. इम्तियाज त्याचं नाव. शांत, बोटं कायम कापडाला पुसणारा माणूस. आला तो गुरुवारी. गुरुवारी सगळ्या औद्योगिक पट्ट्याला सुट्टी, त्यामुळे मध्ये लुडबुड करायला कोणी नाही, म्हणून त्याच्यासाठी प्रयोगशाळा मुद्दाम उघडली. अण्णासाहेब आणि कस्तुरा ओव्हरटाइमवर.

इम्तियाजने पंप खोलला, झडपा धुतल्या, नळ्यांत अडकलेली हवा काढली. पुढचं तोंड बूच मारून बंद केलं आणि दाब टिकतो का ते पाहिलं. टिकला. मग खरी परीक्षा. पंप मिनिटाला दोन मिलिलिटरवर लावला, नळीखाली दहा मिलिलिटरचा चंबू धरला आणि स्टॉपवॉच दाबलं. चंबू खुणेपर्यंत भरायला पाच मिनिटं लागायला हवीत. पाचच लागली. सकाळपासून दुपारपर्यंत त्याने दहा वेळा चंबू भरला आणि दहाही वेळा काटा पाचावर.

"पंपात काही दोष नाही, साहेब," तो म्हणाला.

"मग दोष कशात आहे ते उघडच आहे," असं म्हणून अण्णासाहेबांनी कस्तुराकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याचंच तिला जास्त लागलं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तिचा थोरला भाऊ खंडू उंबऱ्यात पाय पसरून बसला होता. खंडू तिच्या कारखान्याला अगदी भिंत लागून असलेल्या प्रेस शॉपमध्ये कामाला. तिथे पत्रे ठोकणारे बावीस अजस्र प्रेस दिवसभर धडधडत.

"कस्तुरे, आज कसं गार गार वाटतंय बघ," तो म्हणाला. "आमचे प्रेस बंद, म्हंजी साऱ्या लायनीत वीज कशी फुल्ल. येरवी आमी सुरू झालो का शेजारचा पिठाच्या गिरणीवाला शिव्या घालतो. त्याचं जातंच फिरत न्हाई नीट."

कस्तुराचा चहाचा कप ओठांशीच थांबला.

"दादा, तुमच्या चहाची सुट्टी किती वाजता?"

"धा ते सव्वाधा. साऱ्यांचे प्रेस एकदम बंद, अन् सव्वाधाला एकदम चालू. का गं?"

"काही नाही," ती म्हणाली आणि इतकी हसली की खंडूने आत आईला हाक मारून पोरीची दृष्ट काढायला सांगितलं.

शुक्रवारी ती सगळ्यांच्या आधी हजर झाली. वहीतल्या जुन्या नोंदी वेळेप्रमाणे लावून पाहिल्या आणि जीव भांड्यात पडला. आता सरळ जाऊन सांगावं, असं एक मन म्हणालं. दुसरं मन म्हणालं, सांगशील तर साहेब म्हणतील, नाचता येईना अंगण वाकडं. तिने दुसऱ्या मनाचं ऐकलं. खरं सांगायचं तर तिला त्यात मजाही वाटत होती.

पावणेदहाला अण्णासाहेब इम्तियाजला घेऊन आले. अहवालावर शेवटची सही तेवढी राहिली होती.

"साहेब, जायच्या आधी एकदा तुमच्या हाताने पंप लावून दाखवाल?" कस्तुरा अगदी गरीब चेहरा करून म्हणाली. "म्हणजे गुण कसा असतो ते मला बघता तरी येईल."

अण्णासाहेब फुलले. बाह्या सरसावून त्यांनी चंबू धरला, घड्याळ दाबलं. पाच मिनिटं झाली, चंबू भरेना. पाच मिनिटं पस्तीस सेकंदांनी द्रव खुणेला टेकलं.

"नळीत हवा असेल," ते म्हणाले.

इम्तियाजने नळी झटकली, स्वतः लावून पाहिलं. पाच मिनिटं बत्तीस सेकंद. त्याच्या कपाळावर आठी पडली. काल दहा वेळा इमानदारीने वागलेला पंप आज त्याच्याच तोंडावर खोटं बोलत होता.

"बाई, आता तुम्ही," तो म्हणाला.

भिंतीवरच्या घड्याळात दहाला दोन मिनिटं कमी. कस्तुराने चंबू धुवायला घेतला. एकदा धुतला, दोनदा धुतला, उजेडात धरून पाहिला, पुन्हा धुतला. वरवर ती मजेत होती, पण आतून तिला घाम फुटला होता. प्रेसवाल्यांच्या फोरमनने आज सुट्टी लांबवली तर? खंडूच चुकला असला तर? मग शनिवारची कशाला वाट पाहायची, आजच घरी. दहा वाजले. एक मिनिट गेलं. भिंतीपलीकडची ती रोजची धडधड, जी पिंपरीत कोणाच्या कानाला जाणवतही नसे, थांबली.

कस्तुराने पंपावर हलकेच तळहात ठेवला, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली आणि घड्याळ दाबलं.

पाच मिनिटं. सेकंदाचा फरक नाही.

"पुन्हा," अण्णासाहेब म्हणाले.

पुन्हा पाच.

"आता साहेबांनी," कस्तुरा म्हणाली आणि घड्याळाकडे पाहिलं. सव्वादहाला अर्धं मिनिट बाकी होतं. "पण आधी जरा हात पुसून घ्या, साहेब. घाम आहे."

अण्णासाहेबांनी खरंच हात पुसले, अगदी एकेक बोट. तेवढ्यात वरची ट्यूबलाइट मिणमिणली आणि वातानुकूलन यंत्राची घरघर दमल्यासारखी झाली. असलं मिणमिणणं तिथे कोणी मनावर घेत नसे. इम्तियाजने मात्र वर पाहिलं, मग घड्याळाकडे, मग कस्तुराकडे. तिने नजर खाली वळवली. त्याने खोकल्याचं निमित्त करून तोंडावर रुमाल धरला.

अण्णासाहेबांच्या चंबूला पाच मिनिटं सदतीस सेकंद लागले.

मग इम्तियाज अत्यंत गंभीरपणे म्हणाला, "साहेब, यंत्राला हात ओळखता येतो असं आपणच म्हणत होता. या बाई गेल्या तर पंपाची गॅरंटी मी काही देऊ शकत नाही. तसं मला अहवालात लिहावं लागेल."

स्वतःचाच सिद्धांत घशात अडकल्यावर माणसाने करावं तरी काय? अण्णासाहेबांनी फाइल मागवली. दोन पत्रांतलं एक निवडलं, सही केली, वर शिक्का मारला आणि कस्तुराच्या हातात दिलं. तिने ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना अक्षरं पुसट झाली, कारण डोळे भरून आले होते. ते तिला अजिबात नको होतं. हसायचं ठरवून आली होती ती.

"आता सांगा," अण्णासाहेब हळूच म्हणाले, "काय पुटपुटलात तुम्ही?"

"घड्याळाचे आकडे मोजत होते, साहेब. दुसरं काही नाही."

आणि तिने सगळं सांगितलं. शेजारचे बावीस प्रेस, ओढली जाणारी वीज, मंदावणारी पंपाची मोटर, दहा ते सव्वादहाची सुट्टी, गुरुवार. इम्तियाजने अहवालात 'व्होल्टेज स्टॅबिलायझर तातडीने बसवावा' असं लिहायला घेतलंही होतं.

अण्णासाहेबांचा चेहरा लालबुंद झाला. "इतकं साधं होतं तर आधी का नाही सांगितलंत? मला सगळ्यांसमोर हात पुसायला लावलेत!"

कस्तुराने वही त्यांच्यापुढे ठेवली. पानापानावर तिच्या सरळ अक्षरात प्रत्येक चाचणीचा आकडा, आणि त्याच्यापुढे तिची वेळ. सकाळी साडेनऊ, बिघाड. दहा वाजून पाच, ठीक. अकरा, बिघाड. जेवणाच्या सुट्टीत, ठीक. तीन आठवड्यांचे कामाचे अठरा दिवस.

"मला कालच कळलं, साहेब. पण वहीत पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं," ती म्हणाली. "आणि खाली रोज तुमची सही आहे. वाचले, बरोबर आहे, म्हणून."

अण्णासाहेब पानं उलटत राहिले. अठराही सह्या त्यांच्याच होत्या, आणि एकाही सहीला पस्तीस सेकंदच काय, पाच सेकंदसुद्धा लागले नव्हते.