फाशावरची दुरुस्ती

त्या काळी धंदा शिकायचा तो पुस्तकातून, नाहीतर बापाच्या दुकानात. वाणिज्याच्या बाईंना दोन्ही पसंत नव्हतं. त्यांनी मुख्याध्यापकांचा असा पिच्छा पुरवला, की शाळेच्या फाटकाजवळची, रस्त्यावर दार उघडणारी खोली त्यांच्या वर्गाला मिळाली. तिथे पोरांनी दुरुस्तीचं दुकान थाटलं. अर्थात खोटं. फळीवर अडगळीतले मुके रेडिओ आणि पांगळे पंखे. काउंटर मात्र खऱ्यासारखा, आणि दाराबाहेर पोरांनीच रंगवलेली पाटी: ‘सर्व यंत्रे दुरुस्त करून मिळतील.’

दुरुस्ती कुणाच्या बापाला येत नव्हती. ती फाशावर व्हायची. मोठं दान पडलं तर वस्तू दुरुस्त, लहान पडलं तर ‘सुटा भाग मिळत नाही’, आणि मग काउंटरवर बसेल त्याने गिऱ्हाइकाला तोंड द्यायचं. बाई म्हणत, धंद्यात निम्मं नशीब असतं, ते आधी सोसायला शिका.

काउंटरवर असायची भिंगरी. आईबापांनी नाव चांगलं ठेवलं होतं, पण पोरीचा पाय एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून साऱ्या शाळेची ती भिंगरी.

गिऱ्हाइकंही बाईच पाठवत. कधी ग्रंथपाल, कधी शिपाईमामा. एकदा बाईंची नणंद आली आणि बंद इस्त्री काउंटरवर आदळून अशी कडाडली, की भिंगरीला रडूच फुटलं. मग मागच्या दारातून बाई हसत आल्या, नणंद हसली, सगळा वर्ग खिदळला. भिंगरीने कानाला खडा लावला: पुन्हा असं फसायचं नाही.

म्हणून एका दुपारी एक सडसडीत बाई कमरेवर शिवणाचं हातमशीन घेऊन आली, तेव्हा भिंगरीने तिला लगेच ओळखलं. म्हणजे ओळखलं असं तिला वाटलं.

“टाका सुटतोय गं पोरी,” मशीन टेकवत ती म्हणाली. “चाक मध्येच अडतं. बँडवाल्यांचे कोट शिवायला घेतलेत, परवा त्यांना वाजवायला जायचंय. उद्या दुपारपर्यंत होईल का? होत नसेल तर तसं सांग, मी दुसरीकडे नेते.”

भिंगरीने मनातल्या मनात दाद दिली. घामसुद्धा किती खरा आणलाय!

“होईल की, काकू! आमच्याकडे दिलंत ना, आता निवांत झोपा.” आणि ‘झकास चाललंय तुमचं’ अशा अर्थी तिने डोळा मारला.

बाई जरा गोंधळली. मग तिलाही हसू आलं, आणि ती निर्धास्त होऊन गेली.

मॅनेजरने फासा टाकला. हा गोलमटोल पोरगा वर्गाने मॅनेजर निवडला होता आणि तेव्हापासून घरीसुद्धा पाणी मागवून प्यायचा. दान मोठं पडलं. भिंगरीने मशीनला ‘दुरुस्त’ अशी चिठ्ठी बांधून ते फळीवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बाईंना गाठलं. “बाई, कालच्या मशीनवाल्या काकू कुठून शोधल्यात? नाटकात कामं करतात का?”

“कुठल्या काकू?”

भिंगरीने फळीकडे बोट दाखवलं. बाईंनी मशीनवरून हात फिरवला. बोटाला ताजं तेल लागलं.

“मी काल कुणालाच पाठवलं नव्हतं गं,” त्या म्हणाल्या, आणि खाली बसल्या.

बाईंनी शिपाईमामांना बाजारातल्या मशीनवाल्या मिस्त्रीकडे पिटाळलं. ते हात हलवत परत आले. “म्हणतो, आणून टाका, पण दोन दिवस बघायलाही सवड नाही.”

“पाटी काढू आणि कुलूप लावू,” मॅनेजर म्हणाला. “शाळेत येऊन कोण विचारतंय?”

“आणि मशीन काय तू गिळणार आहेस?” भिंगरी उसळली.

“मग मीच उघडून बघतो.” त्याने पेचकस उचलला.

“खबरदार!” बाई ओरडल्या. “आहे ते तरी राहू दे. ती आली की मी बोलेन तिच्याशी. पाटी मी लावायला सांगितली होती.”

“शब्द मी दिलाय, बाई.”

दुपार होता होईना. भिंगरी दारात जाई, आत येई. पुसलेला काउंटर पुन्हा पुसे. चिठ्ठी तिने सोडली, बांधली, पुन्हा सोडून मुठीत चुरगळली. रस्त्यावर चप्पल वाजली, की ती दाराआड सरके. एकदा वाटलं, पोट दुखतंय म्हणून घरी जावं. पोट खरंच दुखत होतं.

काकू आल्या त्या बोलतच. “झालं ना गं? बाह्या तेवढ्या जोडायच्या राहिल्यात.”

बाई पुढे झाल्या. “त्याचं असं झालं ताई, हे दुकान म्हणजे मुलांचा अभ्यास...”

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. “तू सांग,” त्या भिंगरीला म्हणाल्या.

भिंगरीने सांगितलं. दुकान खोटं, दुरुस्ती फाशाची, आणि त्यांना ती खोटं गिऱ्हाईक समजली, हेसुद्धा.

“म्हणजे मी काल घायकुतीला आले होते, आणि तू माझा तमाशा बघत होतीस?”

भिंगरीने मुठीतली चुरगळलेली चिठ्ठी काउंटरवर ठेवली.

“मी विचारलं होतं तुला. होत नसेल तर सांग म्हणाले होते. काल एक अख्खा दिवस होता माझ्या हातात. तो तू घालवलास.” त्यांनी मशीन उचललं. “आता बँडमास्तरांना काय सांगू?”

“मी सांगते. मी येते.”

बाईंनी मानेनेच परवानगी दिली. भर उन्हात भिंगरीने मशीन आलटून पालटून कमरेच्या दोन्ही बाजूंना वागवत मिस्त्रीकडे पोचवलं. मग काकूंनी घरातून कोटांचा गठ्ठा घेतला आणि दोघींनी बँडमास्तरांचं घर गाठलं.

बँडमास्तर तुतारी घासत बसले होते. भिंगरीने एका दमात सगळं ओकून टाकलं. “चूक माझी आहे. काकूंची नाही.”

“चूक कुणाची का असेना,” मास्तर म्हणाले, “माझी पोरं काय उघडी वाजवणार?” बराच वेळ त्यांनी दाढी खाजवली. “निम्मे कोट द्या इकडे. चौकातला शिंपी करेल. उरलेले जमतात का बघा.” मग त्यांनी बजावलं, “पुढच्या वेळच्या कामाचं मात्र आत्ताच काही बोलत नाही.”

काकूंचं तोंड एवढंसं झालं. गठ्ठ्याची गाठ सोडून निम्मे कोट त्यांनी काढून दिले. देताना प्रत्येकाची कॉलर बोटांनी सरळ केली.

“बाह्या हाताने जोडाव्या लागतील,” रस्त्यावर आल्यावर त्या म्हणाल्या. “सुई धरता येते?”

‘येते की’ असं भिंगरीच्या जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं. “नाही येत. बटणं लावलीत दोन-चार. तीही तुटली.”

“बरं. चल.”

काकूंच्या खिडकीपाशी ती संध्याकाळपर्यंत बसून राहिली. पहिली बाही जोडून तिने भीत भीत पुढे केली. काकूंनी ती उजेडात धरली, ताणली. टाके दात विचकल्यासारखे उघडे पडले.

“उसव,” काकू म्हणाल्या, आणि आपल्या हातातल्या कोटावर पुन्हा वाकल्या.

भिंगरी उसवू लागली.