चार अक्षरांची जागा

अर्पितानं पहिला फोटो सतरंजीवर ठेवला, तसे हिंमतराव अंगणात जमलेल्या शेजाऱ्यांकडं वळले.

“दोन हजार वर्षांपूर्वीची पत्रं हायत ही. रोमन शिपायांची, लॅटिनमधली. आमची अर्पिता वाचती.”

बेंबळी गावात ही बातमी न कळलेला माणूस आता शोधूनही सापडला नसता. लेकीला परदेशी विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाल्यापासून हिंमतरावांचे पाय जमिनीवर नव्हते, आणि ते तसेच राहावेत अशीच त्यांची इच्छा होती.

फोटोत लाकडाच्या पातळ, काळवंडलेल्या पट्ट्या होत्या. बहुतेक मधेच तुटलेल्या.

“तुटलंय तिथं काय करतीस गं?” शेजारच्या विठाबाईंनी विचारलं.

“जागा मोजायची, आजी. किती अक्षरं मावतील तेवढं सांगायचं. पदरचं एक अक्षर घालायचं न्हाय.”

विठाबाईंनी मान डोलावली आणि कमरेच्या पिशवीतून एक घडी घातलेलं पत्र काढलं. त्यांच्या लेकाचं, बब्रुवानाचं, सीमेवरून आलेलं शेवटचं. त्यानंतर आली ती तारच. विठाबाईंना वाचता येत नसे. तीस वर्षं हे पत्र त्या हिंमतरावांकडून वाचून घेत आल्या होत्या.

“उंदरानं कोपरा कुरतडलाय बघ. धपाट्याची वळ ऱ्हायलीय का? तेवढीच एक माझ्यासाठी लिवलेली हाय.”

अर्पितानं पत्र उजेडाकडं धरलं. थंडी फार आहे, बैलाचा पाय बरा झाला का, रजा मिळाली की येतो. धपाट्याची ओळ कुठंच नव्हती. कुरतडलेल्या कोपऱ्यात चार अक्षरं मावली असती, फार तर पाच. तिनं वडिलांकडं पाहिलं. सकाळपासून बोलणारे हिंमतराव डोक्यावरची टोपी काढून तिची घडी नीट करत बसले होते.

ती ओळ कुणाची, हे तिला कळलं. राग आला नाही. उलट बापाचा अभिमानच वाटला. पण म्हातारी वाट पाहत होती, आणि खरं सांगितलं तर तिनं तीस वर्षं जपलेलं तेवढं एक वाक्यही जाणार होतं.

“हाय की, आजी. जरा फाटलीय, पण लागती.” पत्रावर बोट फिरवत अर्पितानं सावकाश वाचलं, “‘आईच्या हातची धपाटी लई आठवतात. संगं लसणाची चटणी असली की दोन जास्तच जायची.’”

विठाबाईंनी पत्र घेतलं, घडी घातली आणि पिशवीत ठेवलं.

“चटणीचं तुम्ही कधी वाचलं न्हाय, हिंमतराव,” त्या म्हणाल्या.

हिंमतरावांनी दचकून वर पाहिलं. म्हातारी हसत होती.

“पोरगी तुमच्यापुढं गेली बघा.”