बिनमिठाची पेज

कमळबाईंना एक खोड होती. त्यांच्या विहिरीचा विषय निघाला की त्या थांबायचं नाव घेत नसत. खारेपाटात चार हात खणलं तर खारंच पाणी लागतं, तिथे त्यांच्या नवऱ्याने गोडं पाणी काढलं होतं. अख्खी आळी तीस वर्षं ते पीत होती आणि बाईंची मान त्यामुळे ताठ होती.

सून रुचिताला सातवा लागला आणि तिचे पाय सुजले. नर्सबाईंनी रक्तदाब दोनदा मोजला, गोळ्या दिल्या आणि बजावलं, मीठ कमी करा, नाहीतर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतेल. कमळबाईंनी मीठ बंदच केलं. तरी पंधरा दिवसांनी आकडा वर गेलेलाच.

बाईंना सुनेचा संशय आला. बिनमिठाची पेज कुणी इतकी निमूट पितं का? त्यांनी रुचिताच्या वाटीतली चाखून पाहिली. चव अगदी बरोबर. म्हणजे पोरगी चोरून मीठ घालते! त्यांनी मीठ, सुकट, लोणचं सगळं कपाटात कोंडलं, चावी कनवटीला लावली आणि दुसऱ्या दिवशी पेज स्वतः शिजवली.

पुन्हा चव बरोबर.

मीठ तर कपाटात होतं; उरलं होतं फक्त पाणी. मग मुलाच्या, दिपेशच्या टेम्पोतली विकतच्या पाण्याची बाटली आणून त्यांनी मूठभर तांदूळ त्या पाण्यात शिजवले. ती पेज मात्र घशाखाली उतरेना, इतकी अळणी. दोन वर्षांपूर्वी उधाणाने बांध फोडला होता, समुद्र आठ दिवस शेतात उभा होता. हल्ली तर दर मोठ्या भरतीला पाणी आत येतं. विहीर थोडी थोडी खारावली आणि रोज पिणाऱ्यांची जीभ तिच्याबरोबर सरावत गेली.

"रुचिता, तुला आपलं पानी खारट लागतं?"

रुचिताने मान खाली घातली. "गेल्या साली लग्न होऊन आले, तवापासून."

"मग बोलली का न्हायस गो?"

"तुम्ही पहिल्याच दिवशी तांब्या हातात दिलात, आई. म्हणालात, असं पानी तुझ्या म्हसळ्यात तरी हाय का? मी न्हाय म्हटलं."

कमळबाईंना फार लाज वाटली. ज्या पोरीच्या संशयापायी कुलूप घातलं, तिने आपला मान राखायला वर्षभर हे पाणी गिळलं होतं.

"दिपेश, टेम्पो काढ," त्या म्हणाल्या. "हिला आधी अलिबागला इस्पितळात ने. सोडलं की तिथूनच म्हसळ्याला, माहेरी. बाळ होईस्तोवर हितं आणायची न्हाय."

टेम्पो गेल्यावर त्या शेजारच्या गोदूबाईंच्या दारात उभ्या राहिल्या. आपल्या विहिरीला स्वतःच्या तोंडाने नावं ठेवायची, म्हणून शब्द जुळवत होत्या. आत गोदूबाईंनी ब्लडप्रेशरची गोळी जिभेवर ठेवली आणि हंड्यातलं त्याच विहिरीचं पाणी पेल्यात ओतून घेतलं. कमळबाईंनी पुढे होऊन तो पेला त्यांच्या हातातून काढून घेतला.